भैरोबाची चोळीबांगडी

"गुरुजी, आपला भैरोबा आन् नांदसरची जोगाई खरंच भाऊ-बहीण हायेत का?"

शालननं हे विचारलं तेव्हा शाळा सुटून अर्धा तास झाला होता. मी तिमाहीचे तक्ते भरत बसलो होतो. ती शाळेच्याच पडवीत बालवाडी चालवायची. घोटावच्या सरपंचांची, हिंदुराव मान्यांची ती लेक. वीस वर्षांची, दहावी पास, आणि कधी फालतू प्रश्न न विचारणारी. म्हणून मी पेन खाली ठेवलं.

"का गं? एकदम देवाच्या भावकीत का शिरलीस?"

ती हसली नाही. दाराबाहेर एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "नांदसरच्या डेअरीत भानुदास शेलार हाय. दूध तपासतो तो."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. घोटाव आणि नांदसर यांच्यात ओढ्याचं अंतर, पण सोयरीक होत नसे. घोटावचा भैरोबा भाऊ, नांदसरची जोगाई त्याची धाकटी बहीण. देव भाऊ-बहीण म्हटल्यावर गावंही भाऊ-बहीण. नांदसरचा तरुण दिसला की घोटावच्या पोरी डोक्यावर पदर न घेता बोलायच्या, कारण तो भाऊच. भावाशी लग्न लावा असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं, किंवा ओढ्यात तरी बुडवलं असतं.

या नात्याचा दुसरा भाग पाण्याचा होता. ओढ्यावरचा बंधारा घोटावच्या शिवारात, आणि त्यातून निघणारा पाट आठवड्यातले तीन दिवस नांदसरला जायचा. भैरोबानं बहिणीला चोळीबांगडीसाठी दिलेलं पाणी, असं सगळे म्हणत. भाऊ बहिणीला माहेरची आठवण म्हणून जमिनीचा तुकडा लावून देतो, तसं. दरवर्षी चैत्रात दोन्ही पालख्या बंधाऱ्यावर भेटायच्या, भैरोबाकडून जोगाईला हिरवं लुगडं जायचं, गुरव भाऊ-बहिणीची गोष्ट सांगायचा आणि घोटावचा सरपंच आपल्या हातानं पाटाचं दार उघडायचा. मी त्या गावात चार वर्षं होतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी शेजारच्या गावांत डोकी फुटताना मी पाहिली होती. या दोन गावांत कधी साधी शिवी ऐकली नव्हती.

"आबांनी मिरजेकडचं स्थळ बघितलंय," शालन म्हणाली. "पालखी झाली की सुपारी फोडायची म्हणत्यात. तुमास्नी मोडी वाचता येतं. गेनबा आजाकडं जुना कागुद हाय. तो एकदा बघा. आन् त्यात काय वेगळं निघालं तर आमच्या आबांना सांगा. आबा तुमचं ऐकत्यात."

"सांगेन की."

"एकट्याला सांगा गुरुजी. चारचौघांत नगं. चारचौघांत त्यास्नी माघार घेता येत न्हाई."

मी हो म्हणालो. तिचं हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं, हे इथंच सांगून टाकतो. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

*

गेनबा गुरव तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढचा असेल. बारीक, कानात भिकबाळी, आणि डोळ्यांत सतत काहीतरी गंमत चालल्यासारखा. माझी त्याची ओळख चांगली होती, कारण मी देवाला हात जोडत नसे आणि तो मला जोडायला लावत नसे. मी कागदाचं विचारलं तेव्हा त्यानं आधी उडवून लावलं. मग शालनचं नाव निघालं. तो आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन आला.

"ती पोरगी माझ्याकडंबी आलती," तो म्हणाला. "माझ्या बानं मला ह्यात काय लिवलंय ते सांगितलं, त्याला त्याच्या बानं. मला मोडी येत न्हाई. बा सांगत हुता ते खरं का खोटं, एवढं मरायच्या आधी कळू दे. वाचा. पन वाचून तोंड बंद."

मी मान हलवली. कबूल म्हणून हलवली की नुसतीच, हे मी तेव्हाही ठरवलं नव्हतं.

कागद शके अठराशे तेहतीसचा होता, म्हणजे १९११ सालचा. दोन्ही गावांच्या पंचांचा करार. पाण्यावरून बंधाऱ्यावर मारामारी होऊन घोटावचा एक आणि नांदसरचा एक, अशी दोन माणसं मेली होती. पुन्हा रक्त सांडू नये म्हणून पंचांनी ठरवलं होतं, की आजपासून भैरोबा आणि जोगाई भाऊ-बहीण आहेत असं लोकांना सांगावं. भावानं बहिणीला तीन दिवसांचं पाणी चोळीबांगडीस दिलं असं सांगावं. पाणी मूळचं घोटावचं, नांदसरला त्याचा हक्क नाही. परंतु माणूस माणसाला देत नाही ते देवाला देतो, सबब ही तजवीज. गोष्ट गुरवानं दरसाल बंधाऱ्यावर उभं राहून सांगावी. कागद गुरवानं जपावा आणि कोणास दाखवू नये.

खाली सह्या आणि अंगठे. त्यात नांदसरचा एक पंच घोटावच्या पंचाचा व्याही म्हणून नोंदला होता! म्हणजे त्या सालापर्यंत या गावांत लेकी दिल्या-घेतल्या जात होत्या. आणि सोयरीक करू नये असं तर कागदात एक अक्षर नव्हतं. ते लोकांनी पुढं आपल्या मनानं जोडलं होतं.

मी वाचून थांबलो तेव्हा गेनबाच्या डोळ्यांत पाणी होतं. "बा खरं बोलत हुता," तो म्हणाला.

माझं मात्र डोकं तापलं होतं. सत्तावीस वर्षांचा होतो. पुण्यात असताना एका सद्गृहस्थांकडे रविवारी जाऊन मोडी शिकलो होतो आणि त्या विद्येचा चार वर्षांत कुणी पाच पैशांचा उपयोग करून घेतला नव्हता. आता हातात असा कागद आला होता. एक अख्खी लोककथा कुणी, कधी आणि कशासाठी रचली याचा तारीखवार पुरावा. त्याच्यावरचा लेख मला डोळ्यांसमोर छापून आलेला दिसत होता.

"गेनबा, हे लोकांना कळलं पाहिजे," मी म्हणालो. "सत्तर वर्षं माणसं खोट्यावर जगताहेत."

"जगत्यात न्हवं?" गेनबा म्हणाला. "मंग झालं तर."

"आणि शालन?"

"पोरीचं माझ्यावर सोडा. पालखी हुईस्तवर दम धरा. कौल लावायचाय मला."

कौल म्हणजे मूर्तीला दोन बाजूंना कळ्या चिकटवायच्या आणि देवाला प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर देव हो म्हणाला. मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि हा म्हातारा कळ्या चिकटवणार! मी कागदाची नक्कल करून घेतली. त्यानं करू दिली. त्याला वाटलं असेल, गुरुजी माणूस आहे, वहीत ठेवील.

*

हिंदुरावांकडे मी गेलोही होतो, अगदीच नाही असं नाही. पालखीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या सोप्यात चहा पीत बसलो, समोर ते एकटे होते, शालननं चहा आणून ठेवताना माझ्याकडे बघितलं. सांगायला याहून बरी वेळ नव्हती. मी सांगितलं नाही. एका माणसाला सोप्यात सांगून कागद संपवायचा, हे माझ्या जिवावर आलं. हिंदुरावच म्हणाले, "पालखीच्या टायमाला दरवर्षासारखं शिक्षणावर दोन शब्द बोला गुरुजी." आणि मला वाटलं, हीच जागा. दोन्ही गावं समोर असतील. एकदाच सांगू आणि सगळ्यांनाच मोकळं करू. मी शालनचं भलंच करतोय, शिवाय असल्या पुढच्या दहा शालनांचं, अशी मी माझी समजूत घातली. समजूत घालण्यात मी हुशार होतो.

चैत्रातलं ऊन होतं. ओढा आटत आला होता आणि बंधाऱ्यात कंबरभर पाणी होतं. दोन्ही पालख्या टेकल्या होत्या, बायकांनी जोगाईची ओटी भरली होती. घोटावचे लोक या काठाला, नांदसरचे त्या काठाला. तिकडच्या गर्दीत भानुदास उभा होता. डेअरीतून तसाच आला असावा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. शालन या काठाला बायकांत बसली होती.

गेनबा गोष्ट सांगायला उठण्याआधी मी उठलो.

"आज मी शिक्षणावर बोलणार नाही," मी म्हणालो. "आज मी तुम्हाला एक खरी गोष्ट वाचून दाखवणार आहे."

गेनबानं माझ्या हातातला कागद ओळखला. "गुरुजी, खाली बसा," तो हलक्या आवाजात म्हणाला. मी बसलो नाही. शालनकडे बघितलं तर ती अर्धी उठली होती आणि मान हलवत होती, नको, नको. मला ते दिसलं आणि तरी मी सुरुवात केली.

पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वर्गात धडा वाचतात तसं, खणखणीत. व्याह्याचं नाव आलं तिथं थांबून समजावून सांगितलं, की बघा, आपल्यात सोयरिकी होत होत्या, देव कुणाचे भाऊ-बहीण नव्हते, ही सगळी पंचांनी रचलेली गोष्ट. तेव्हा आता लग्नसंबंधाला कसलीही आडकाठी नाही.

कुणी काही बोललं नाही. ती शांतता मला विचाराची वाटली. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

मग हिंदुराव म्हणाले, "गुरुजी, ते पाण्याचं पुन्यांदा वाचा."

मला वाटलं माणूस रस घेतोय. मी पुन्हा वाचलं. पाणी मूळचं घोटावचं, नांदसरला त्याचा हक्क नाही.

"सह्या हायती त्याच्यावर?"

"आहेत. तुमच्या पणजोबांचीही आहे."

हिंदुरावांनी मान डोलावली. त्या काठावरून नांदसरचे म्हातारे सरपंच म्हणाले, "हिंदुराव, ऊन चढाय लागलंय. दार उघडा."

"कागुद ऐकलासा न्हवं तुमी?" हिंदुराव म्हणाले. "बहिनीला दिलं हुतं पानी. आता बहीन कुठाय?"

पाटाचं दार त्या दिवशी उघडलं नाही. जोगाईची पालखी तशीच परत गेली. लुगडं इकडच्या काठावर राहिलं आणि ते कुणी उचलायचं हे कुणालाच कळेना, शेवटी गेनबानं घडी करून काखेत मारलं.

*

पुढचं लवकर झालं. आठव्या दिवशी नांदसरची माणसं पहाटे दार उघडायला आली. घोटावची टपून बसलेली होतीच. शालनच्या थोरल्या भावानं फावड्याचा दांडा घातला तो भानुदासच्या चुलत्याच्या हातावर बसला आणि हात कोपरातून मोडला. पोलीस आले, मग वकील आले. हिंदुरावांच्या वकिलानं पहिल्यांदा माझ्याकडून त्या करारनाम्याची नक्कल नेली आणि मला शाबासकी दिली.

मी शेवटी एकदा हिंदुरावांना गाठलं, एकट्याला. म्हणालो, "आबा, भाऊ-बहिणीचं नातं तर आता राहिलं नाही. मग शालनचा—"

त्यांना भानुदासचं कळलं होतं तोवर. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

"पाण्याच्या चोराच्या घरात पोरगी दिऊ? पयलं म्हनला असता तर देव आडवा आला असता. आता मी हाय."

वैशाखात शालनचं मिरजेकडं लग्न झालं. मुलाचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी अक्षता टाकायला गेलो, कारण न जाणं जास्त दिसलं असतं. ती बाहेर पडताना एक क्षण माझ्यासमोर आली. मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल.

"आबांना एकट्याला सांगा म्हनलं हुतं मी," एवढंच ती म्हणाली. आणि गाडीत बसली.

जूनमध्ये माझी बदली झाली. मीच मागून घेतली होती. निघायच्या दिवशी देवळापाशी गेनबा भेटला. त्या वर्षीपासून पालखी बंद झाली ती कायमचीच, हे तेव्हा माहीत नव्हतं, पण त्याला ते कळलं असावं. मी म्हणालो, "गेनबा, मी चुकलो. पण खरं तेच सांगितलं."

"खरं हुतंच की," तो म्हणाला. "मी कुठं खोटं म्हनतुय?"

मग पायरीवर बसला आणि मलाही बसायला लावलं.

"गुरुजी, हिंदुरावची बायकू कोन हाय, ठावं हाय?"

"नाही."

"त्याच्या मामाची लेक. ह्या गावात निम्म्या घरांत मामाचीच पोरगी सून म्हनून आलीया. भावाची लेक बहिनीच्या घरात देत्यात, आत्याच्या घरात. ती तर हक्काची सोयरीक." तो माझ्याकडे बघत राहिला. "भैरोबा भाऊ, जोगाई बहीन. खरं न्हवं? मग घोटावची पोरगी भैरोबाची लेक झाली. आन् नांदसरचा पोरगा जोगाईचा ल्योक. आता सांगा, त्यांचं लगीन लागतं का न्हाई?"

मी मनातल्या मनात नातं जुळवून पाहिलं. लागत होतं.

"सत्तर वर्सं समदी त्यास्नी भाऊ-बहीनच धरून बसली. देवाला बी लेकरं झाली असतील हे कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. पालखीच्या दिवशी बंधाऱ्यावर गोष्ट सांगताना म्होरलं सांगनार हुतो मी. म्हननार हुतो, काल देवानं सपनात यिऊन सांगितलं, माझी लेक बहिनीच्या घरात द्या. मग समद्यांच्या देखत कौल लावायचा. कळी उजवी कशी पाडायची ते मला ठावं हाय, माझ्या बानं शिकवलंय. देव म्हनतोय म्हनल्यावर हिंदुराव काय बोलनार? समद्या गावापुढं त्याचा मानच झाला असता. आन् पाटाचं पानी बी वाहिलं असतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"देवाचं बोलनं आधी फोडत न्हाईत. आन् तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी हसला असता." पायरीवरून उठत तो म्हणाला, "हसलाच हुता की."

तो लेख मी लिहिला. छापून आला, एका परिसंवादात वाचलाही. विद्वान लोकांनी प्रश्न विचारले, कागदाच्या शाईचेसुद्धा. दोन गावांचा खटला बारा वर्षं चालला. मध्ये एका उन्हाळ्यात बंधाऱ्यावर नांदसरचा एक माणूस मेला, हे मला वर्तमानपत्रात वाचून कळलं. लेखात ते घालायची सोय नव्हती.

*

शालन मला त्यानंतर एकदाच भेटली. तेवीस वर्षांनी, कराडच्या स्टँडवर, भर दुपारी. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. केस पिकलेले, हातात औषधांची पिशवी. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. संसार कसा झाला हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. गाडीला वेळ होता म्हणून बाकावर बसलो. भानुदास होता ती डेअरी, गावाकडची शेतं, कोण राहिलं, कोण गेलं, असं चाललं होतं. आणि मग, जणू हे विचारायलाच हाक मारली होती अशा आवाजात, ती म्हणाली:

"गुरुजी, गेनबा आजा मला त्या वर्षी म्हनायचा, पोरी, चैत्रापतुर दम धर, मी वाट काढतो. आजा गेला, त्याला इचारायचं राहूनच गेलं. त्याच्या मनात काय हुतं, तुमास्नी कधी बोलला हुता का?"

मी तिच्याकडे बघितलं. तेवीस वर्षं तिनं तो प्रश्न जपून ठेवला होता. उत्तर माझ्याकडे होतं, शब्दन् शब्द पाठ. खरं सांगायची मला फार हौस होती ना.

"नाही गं," मी म्हणालो. "त्याच्याजवळ काही वाट नव्हती. मला म्हणाला होता तसं. पोरीचं मन राहावं म्हणून बोलतोय, म्हणाला."

"व्हय?"

"हो. मी कागद वाचला नसता तरी काही होणार नव्हतं."

तिनं बराच वेळ श्वास धरून ठेवला असावा, तो सोडला. "मंग बरं झालं," ती म्हणाली. "मला आपलं उगाच वाटायचं, कायतरी वाट हुती, आन् तुमच्यामुळं गेली. किती वर्सं तुमच्यावर राग धरला हुता मी. माफ करा गुरुजी."

हे मी तिला वाचवण्यासाठी केलं की स्वतःला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि उत्तर मला माहीत आहे.

तिची गाडी लागली. ती उठली, पिशवी बाकावर ठेवली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिला पडू दिलं.